डाग

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये, चकली-चिवड्याच्या टेबलाला लागून, हस्तकलेचं एक टेबल होतं. आपल्याच सभासदांनी घरी केलेल्या लाकडी पाट्या त्यावर मांडल्या होत्या. खडबडीत फळी, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या कडा, टांगायला सुतळी आणि तापलेल्या पेनानं डागून काढलेली अक्षरं. ‘सुस्वागतम्’, ‘आमचं घरटं’, ‘हसा, जगा, प्रेम करा’. दुपारच्या आरतीपर्यंत निम्म्या पाट्या विकल्या गेल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं.

घरी परतताना गाडीत माझ्या मुलीनं विचारलं, “बाबा, एका पाटीवर श, मग पाय मोडल्याची खूण, मग री असं वेगवेगळं का लिहिलं होतं? आमच्या वर्गात तर ‘श्री’ असा काढायला शिकवतात.” ती रविवारच्या मराठी वर्गाला जाते. मी ती पाटी पाहिली होती, चूकही पाहिली होती, आणि गप्प बसलो होतो. पोरीला काय सांगावं ते मला सुचलं नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

आपल्याकडे हौसेनं केलेल्या वस्तूवर टीका करणं म्हणजे भर पंगतीत यजमानीणबाईंना आमटी अळणी झाली आहे असं सांगण्यासारखं. पण कुणीच बोललं नाही तर पुढच्या पंगतीलाही तीच आमटी येते. शिवाय या लेखातला पहिला आरोपी मीच आहे. माझ्या घरच्या दोन पाट्यांचा पंचनामा पुढे येईलच. तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नये.

तापलेल्या लोखंडानं लाकडावर नक्षी काढण्याची कला जुनी आहे. इंग्रजीत तिला ‘पोकरवर्क’ म्हणत, कारण शेकोटीतले निखारे ढवळायची सळई हेच तिचं हत्यार होतं. ‘पायरोग्राफी’ हे ग्रीक वळणाचं भारदस्त नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हा छंद बराच पसरला होता. त्या काळातले डागलेले डबे, ट्रे आणि फ्रेमा इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत अजून दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, उलुरूच्या परिसरातले अनांगू कारागीर लोखंडी तार निखाऱ्यांत लाल करून लाकडी प्राण्यांवर आणि वाडग्यांवर नक्षी डागतात. १९८४ पासून ‘मारुकू आर्ट्स’ ही त्यांचीच संस्था त्या वस्तू विकते. त्यातला एखादा सरडा हातात घेऊन पाहावा. लाकडाचा बाक, तारेची रेघ आणि प्राण्याची पाठ यांचा मेळ असा बसलेला असतो की नक्षी वरून काढली आहे असं वाटतच नाही.

मराठीत या क्रियेला ‘डागणे’ हा नेमका शब्द आहे. आणि ‘डाग’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. कपड्यावर पडतो तो डाग, गुराला देतात तोही डाग, आणि लग्नात मुलीच्या अंगावर चार डाग घातले म्हणतो तेव्हा तो सोन्याचा दागिना. एकाच शब्दात खोडही आहे आणि शोभाही. कुठल्याही पाटीपुढे उभं राहिलो की मी हल्ली एवढंच विचारतो, की हा डाग यांपैकी कोणता?

प्रथम लाकडाकडे पाहू. दुकानात ज्याला ‘रस्टिक’ म्हणतात त्याला आपण गावठी म्हणू. पण आपल्यापैकी ज्यांचं बालपण खरोखर गावात गेलं आहे त्यांनी आठवून पाहावं. गावचा सुतार फळीला रंधा मारल्याशिवाय ती हातावेगळी करत नाही. गावातला पेंटर दुकानाच्या पाटीला अस्तर देतो, घासतो, दोरी धरून रेघा मारतो, आणि मगच ब्रश उचलतो. खडबडीतपणा ही गावाची आवड कधीच नव्हती. ती शहरातल्या माणसानं गावाविषयी केलेली कल्पना आहे. आपण सांगली-साताऱ्याहून पुण्याला, पुण्याहून ऑकलंडला किंवा वेलिंग्टनला आलो, आणि आता आपल्याच गावाची ती कल्पना क्राफ्टच्या दुकानातून विकत आणतो.

ही फळी जुनी कशी करतात हेही मजेशीर आहे. नव्या पाइनच्या फळीला साखळीनं बदडतात, तारेच्या ब्रशनं खरवडतात. स्टील वुल व्हिनेगरमध्ये दोन दिवस भिजवून ते पाणी फळीला फासतात; त्यातलं लोखंड लाकडातल्या टॅनिनशी मिळालं की फळी राखाडी पडते. पाइनमध्ये टॅनिन कमी, म्हणून आधी कडक चहाचा हात द्यायचा. तासाभरात फळी वीस वर्षांची दिसू लागते. रसायन म्हणून मला हे आवडतं. पण हे वय उसनं आहे, आणि उसन्या वयाच्या फळीवर ‘आमचं घर’ लिहिलं की घरही भाड्यानं आणल्यासारखं वाटतं.

या देशात खरोखर वय झालेल्या लाकडाला तोटा नाही. जुन्या घरांतून निघालेल्या रिमूच्या आणि कौरीच्या फळ्या मिळतात. त्यांवरच्या खिळ्यांच्या भोकांना कुणी साखळीनं बदडलेलं नसतं. कौरीचं मोल काय होतं आणि तिची जंगलं कशी तोडली गेली हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी माटाकोहेच्या कौरी म्युझियममध्ये एक दिवस काढावा. दलदलीत हजारो वर्षं गाडल्या गेलेल्या कौरीचे ओंडके परदेशी पाठवायला इथल्या कायद्यानं मनाई आहे; तयार वस्तू मात्र पाठवता येते. तेव्हा ओंडक्यांवर वरवर नक्षी कोरून त्यांना ‘वस्तू’ म्हणून पाठवण्याचा प्रकार सुरू झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि अशा वरवरच्या कोरीवकामानं ओंडक्याची तयार वस्तू होत नाही, असं कोर्टानं २०१८ साली सांगितलं. कोर्ट निर्यातीपुरतं बोलत होतं. मला ते वाक्य टीकाकारांनाही उपयोगी वाटतं.

आता माझा गुन्हा. चार वर्षांपूर्वी आमचं मागचं कुंपण बदललं. निघालेल्या फळ्या इतक्या सुंदर करड्या झालेल्या होत्या की त्या टाकवेनात. गॅरेजचं दार लावून, हीटर चालू ठेवून, हिवाळ्याच्या दोन रविवारी मी त्यांतल्या एकीवर घराचं नाव डागलं. पाटी फाटकाशेजारी लावली. शेजारचे निवृत्त बिल्डर आजोबा पाहायला आले, फळीला बोट लावलं आणि म्हणाले, “ही जाळली नाहीस ना?” मी अभिमानानं म्हणालो, “जाळूनच तर अक्षरं काढली आहेत.”

त्यानंतर त्यांनी मला जे शिकवलं ते इथे मुद्दाम सविस्तर देतो, कारण आपल्यापैकी बरेच जण हीच फळी वापरतात. इथला रेडिएटा पाइन उघड्यावर टिकत नाही. म्हणून कुंपणाचं, डेकचं, खांबांचं लाकूड बहुतेक वेळा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणानं मुरवलेलं असतं. नव्या लाकडावर एच ३.२ किंवा एच ४ असा शिक्का किंवा चिठ्ठी असते, आणि रंगात हिरवट झाक असते. ऊनपाऊस खाल्ला की झाक जाते, चिठ्ठी जाते; आर्सेनिक आतच राहतं. अशा लाकडाला आग लावली की ते धुरात येतं आणि राखेत उरतं. पॉलिशपेपरनं घासलं की भुशात येतं. डागायच्या पेनाचं टोक तीन-चारशे अंश सेल्सियसच्या पुढे सहज जातं, आणि आपण तर फळीवर नाक टेकवून बसतो. तेव्हा नियम साधा आहे. जुनं कुंपण, डेक, खांब यांचं लाकूड डागायला घेऊ नये. १९८० च्या आधी रंगवलेल्या घरातली फळी असेल तर तिच्या रंगात शिसं आहे असं धरून चालावं. मॅक्रोकार्पाचा न मुरवलेला तुकडा घ्यावा, पूर्वी कशासाठी वापरलं होतं ते माहीत असलेलं रिमू घ्यावं, खिडकी उघडावी आणि पंखा धूर बाहेर नेईल असा लावावा. मुलांना शेजारी बसवून ही हौस करणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

तीच पाटी आणखी एक धडा देऊन गेली. वर्षभरात अक्षरं पुसट झाली. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात अतिनील किरणांचा मारा उत्तर गोलार्धातल्या तेवढ्याच अक्षांशावरच्या जागांहून सुमारे ४० टक्के जास्त असतो. उन्हानं लाकडातलं लिग्निन तुटतं, पावसानं ते धुऊन जातं, फळी राखाडी होते. डागलेली रेघ जेमतेम पृष्ठभागापुरती असते. तिचा तपकिरी आणि फळीचा करडा एकमेकांत मिसळतात. डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनच्या ट्रॅकवर हिरव्या फळ्यांमधली पिवळी अक्षरं खोल कोरलेली का असतात ते मला तेव्हा उमगलं. ज्यांना खरोखर उघड्यावर उभं राहायचं आहे ते डागण्यावर विसंबत नाहीत. डागलेल्या पाटीची जागा घरात, फार तर पडवीत.

दुसरी गोष्ट रेघेची. डॉक्टरेटच्या काळात उष्णतावहनाची समीकरणं सोडवण्यात मी काही वर्षं घालवली. पाटीपुढे त्यांतलं एकच कामाला आलं: किती गरम हे जितकं महत्त्वाचं, तितकंच किती वेळ हेही. कागदावर हात अडखळला तर कुणाला कळत नाही. लाकडावर हात जिथे थबकतो तिथे काळा ठिपका पडतो, आणि तो खोडता येत नाही. म्हणून डागलेली रेघ पाहिली की करणाऱ्याचा हात कसा चालला ते वाचता येतं. बहुतेक पाट्यांवर अक्षराच्या प्रत्येक वळणावर असे ठिपके दिसतात. हा अनाडीपणा नाही, घाई आहे. टोक फळीवर टेकण्याआधीच हात चालता हवा आणि उचलल्यावरही चालता राहायला हवा. हे कळायला मला रद्दी फळ्यांचा ढीग लागला.

त्यात आपल्या लिपीची एक खास अडचण आहे, ती म्हणजे शिरोरेघ. पाइनमध्ये वर्षाच्या सुरुवातीला वाढलेला मऊ, फिका पट्टा आणि नंतरचा कठीण, गडद पट्टा आलटून पालटून असतात. मऊ पट्टा पटकन जळतो, कठीण पट्टा दाद देत नाही. उभा काना काढताना पेन पायऱ्या उतरल्यासारखं गचके खातं. आणि शिरोरेघ तर रेषांच्याच दिशेनं जाते, तेव्हा टोक मऊ पट्ट्यात घसरून आपल्याच वाटेनं निघतं. रोमन अक्षरांची पाटी करणाऱ्याला हा ताप नाही. आपण मात्र त्यांच्या पुस्तकातली युक्ती वापरतो आणि रेघ वाकडी झाली की म्हणतो, हाच तर हाताचा गोडवा. तो गोडवा नव्हे. मी आता पट्टी धरून सुरीनं बारीक चीर आधी पाडतो आणि पेन तिच्यातून नेतो. बारीक, दाट रेषांचं लाकूड निवडलं तर निम्मं काम तिथेच होतं.

जाडी-बारीकीचंही तसंच. देवनागरीची जाड आणि बारीक वळणं बोरूच्या तिरक्या कापलेल्या टोकातून आली आहेत. डागायच्या पेनाचं टोक गोल असेल तर रेघ सगळीकडे सारखीच उमटणार. मग आपण काय करतो, तर छापील अक्षराची बाह्यरेषा कार्बन पेपरनं फळीवर उतरवतो आणि आतला भाग रंगवल्यासारखा जाळून भरतो. असं अक्षर दुरून बरं दिसतं, जवळून मेलेलं असतं. त्यापेक्षा सारख्या जाडीचं साधं, मोकळं अक्षर लिहावं, किंवा चपटं तिरकं टोक घेऊन त्याला बोरूसारखं चालवावं.

आता त्या ‘श्री’कडे येतो. इथे मला माझ्या धंद्याबद्दल बोलावं लागेल. संगणकाच्या लेखी ‘श्री’ म्हणजे ओळीनं ठेवलेली चार चिन्हं: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. त्यांतून एक जोडाक्षर घडवणं हे वेगळं काम आहे आणि ते सॉफ्टवेअरनं करायचं असतं. ‘कि’मधली ऱ्हस्व वेलांटी साठवताना क नंतर येते, दाखवताना क च्या आधी यावी लागते. ‘कीर्ती’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसावा लागतो. पाट्यांचे नमुने आखायचे, लेसर यंत्रांना आज्ञा द्यायचे काही प्रोग्राम ही घडवणूक करतच नाहीत. ते चार तुकडे चार मुंग्यांसारखे एका रांगेत सोडतात. आपण ते छापतो, गिरवतो, डागतो. चूक यंत्राची खरी, पण हातानं गिरवताना ती दिसू नये, हे मात्र आपलं. आपण अक्षर वाचत नव्हतो, चित्र उतरवत होतो.

संगणकावरून अक्षर घेण्यात पाप नाही. पण कुठलं घेतो ते पाहावं. विंडोजबरोबर वर्षानुवर्षं आलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांच्यासारख्या जाणत्या सुलेखनकारानं केला, पण तो पडद्यावर लहान आकारात वाचता यावा म्हणून. त्यालाच ताणून चार इंची केला तर दोष जोशींचा नाही. शिवाय त्यातले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वेगळे, आणि महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात तेच प्रमाण मानले. ज्या भाषेसाठी जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकात एकेक खिळा घासूनपुसून देखणा केला, त्या भाषेची पाटी करताना आपण ‘ल’ कुठला एवढं तरी बघावं. लेसरबद्दल विचाराल तर माझा त्यावर राग नाही. नीट जोडाक्षरं देऊन, चांगला फाँट वापरून लेसरनं केलेली पाटी वाकड्या हातकामापेक्षा मला परवडते. फक्त तिला हातकाम म्हणून विकू नये.

शेवटी मजकूर. ‘हसा, जगा, प्रेम करा’ हे वाक्य मराठी घरात कुणी कुणाला कधी म्हटलं आहे? इंग्रजी पाटीवरून ते उचललं, मराठी शब्द चढवले आणि भिंतीवर टांगलं. पुणेरी पाटीला आपण हसतो, पण तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. तिला कुणाला तरी काहीतरी नेमकं सांगायचं असतं. दारावरची बेल किती वेळा वाजवावी, गाडी कुठे लावू नये, कोणत्या वेळी झोपमोड करू नये. लिहिणारा आणि वाचणारा दोघंही त्या पाटीत हजर असतात. आपल्या पाट्यांत वाचणाराच नसतो.

हा प्रश्न परदेशात जास्त बोचतो. गावी दारावर ‘मातृछाया’ लिहिलं की पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे वाचत. इथे कुरिअरवाल्याला फक्त घराचा नंबर हवा असतो. मग नाव कुणासाठी? मराएवरच्या सभागृहाला, फारेनुईला, बहुधा पूर्वजाचं नाव असतं, आणि ते नाव बाहेरच्या माणसासाठी नसून आतल्यांसाठी असतं. आपल्या दारावरच्या नावाचाही खरा वाचक घरातच आहे, तो म्हणजे आपली पोरं. त्यांच्या डोळ्यांपुढे रोज राहणारं मराठी अक्षर बहुधा तेवढंच. ते चुकीचं असलं तर तेच त्यांच्यासाठी बरोबर ठरतं. माझ्या मुलीला वर्गातला ‘श्री’ आठवला म्हणून ती अडखळली. जो मुलगा वर्गाला जात नाही, तो अडखळणार नाही.

एका चांगल्या पाटीबद्दल सांगून थांबतो. आपल्या मंडळातल्या एका घरी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले काका आहेत. भारतात ते शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्या दारात, बुटांच्या रॅकच्या वर, वीतभर मॅक्रोकार्पाचा तुकडा आहे. रंधा मारलेला, तेलाचा हात दिलेला. त्यावर दोन शब्द: ‘चपला इथे’. खडूनं हातानं लिहून त्यावरून डागलेले. ‘च’चा पोट भरल्यासारखा गोल, ‘ला’ला मराठी पाकळी. ‘थ’ एका गाठीवर आला आणि तिथे लाकूड जळलं नाही, रेघ फिकी राहिली. मी म्हणालो, “काका, इथे पुन्हा एकदा पेन फिरवलं असतं तर?” ते म्हणाले, “अरे, गाठ आहे तिथे. तिला कशाला छळायचं? वाचता येतंय ना?”

वाचता येतं होतं. शेजारच्या किवी मुलालाही, असं सूनबाई म्हणाल्या. पाटी काय सांगते ते त्याला खालच्या चपलांवरून कळलं, आणि आता तो ‘च’ बोटानं हवेत काढून दाखवतो. मराएवर फारेनुईत शिरतानाही चपला बाहेर काढतात, तेव्हा त्याला त्यात नवल वाटलं नाही. त्या पाटीत कुठलंही गाव नाही, घरटं नाही, जुनेपणाचं सोंग नाही. लाकूड लाकडासारखं, रेघ आगीची, अक्षर मराठी आणि काम दारातलं. तो डाग मी दागिन्यात धरतो.

यंदाच्या प्रदर्शनासाठी पाट्या करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. डागायला बसण्याआधी खडूनं लिहिलेली फळी घरातल्या मुलाला मोठ्यानं वाचायला सांगावी. तो अडला तर खडू पुसता येतो.

माझी फाटकाजवळची पाटी मी गेल्या महिन्यात उतरवली. शेकोटीत टाकावी म्हटलं, तर तेच तिला करता येत नाही. आर्सेनिकचं लाकूड जाळायचं नसतं, ते कचऱ्याच्या डेपोतच न्यावं लागतं. दुसऱ्या खेपेच्या सामानासाठी म्हणून ती अजून गॅरेजात उभी आहे, भिंतीकडे तोंड करून.